जुना फ्लॅट घेताय? ओटा आणि टाइल्स नंतर बघा, आधी या चुका टाळा

ठाणे, डोंबिवली, बोरिवलीकडे तीस-पस्तीस वर्षं जुन्या सोसायटीत फ्लॅट घेणारे बहुतेक जण ओटा, टाइल्स आणि हॉलमधला उजेड बघतात आणि टोकन देऊन मोकळे होतात. ओटा कधीही बदलता येतो. वरच्या मजल्यावरचं बाथरूम आणि इमारतीचे कॉलम मात्र तुमच्या हातात नसतात, आणि मोठा खर्च तिथूनच येतो.

ताज्या रंगावर विश्वास ठेवणं

विकण्याआधी रंग दिला म्हणजे मालक लबाडच, असं नाही. पण घरभर जुना रंग आणि एकाच भिंतीला नवा हात मारलेला दिसला, तर विचारा. जमलं तर जुलैत, झड लागलेली असताना घर बघायला जा. नाहीच जमलं तर खिडकीखालचे कोपरे, कपाटामागची भिंत आणि बाथरूमला लागून असलेल्या भिंतीचा खालचा हातभर भाग तपासा. फुगलेली पुट्टी, लोणा (ओलीमुळे आलेला पांढरा क्षार), पोपडे तिथे हमखास सापडतात.

ओल कधी येते हेही महत्त्वाचं. फक्त पावसाळ्यात येत असेल तर बाहेरची भिंत किंवा गच्ची, आणि ती दुरुस्ती सोसायटीने करायची. मार्च-एप्रिलातही डाग ओला असेल तर बहुधा वरच्यांची नाहणी किंवा त्यांच्या घरातला पाइप, आणि हा खर्च त्या फ्लॅटच्या मालकाचा. नियम असा सरळ आहे. वरचे काका दार उघडतात का, हा वेगळा विषय. म्हणून टोकनच्या आधी एकदा त्यांच्याकडे आणि खालच्या मजल्यावरही जाऊन या. तुमच्या होणाऱ्या बाथरूममधून खाली गळतंय का, हे खालचेच सांगतील, आणि बरंच सविस्तर सांगतील.

फॉल्स सीलिंगच्या वर न बघणं

बाथरूम-पॅसेजमध्ये पीव्हीसी सीलिंग असेल तर एक पट्टी काढायला सांगा आणि टॉर्च मारा. तांबूस डाग, सळीच्या रेषेत गेलेली चीर, उघडी पडलेली सळई यांपैकी काही दिसलं तर सावध व्हा. सळई गंजली की गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडतो. काठीने ठोकून बघा: बद्द आवाज आला की तिथे थर सुटलेला आहे. वरून प्लास्टर थापणं म्हणजे एक-दोन पावसाळ्यांची सोय. सुटलेलं काँक्रीट काढून, सळई घासून, गंजरोधक लावून पॉलिमर मॉर्टर भरावं लागतं. सळई फारच झिजली असेल तर नवी जोडावी लागते.

सोसायटीची फाइल न मागणं

ही चूक सर्वांत महागात पडते. सोसायट्यांसाठीच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमावली) 15 ते 30 वर्षं जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, दर 5 वर्षांनी आणि त्याहून जुनीचं दर 3 वर्षांनी व्हायला हवं. शेवटचा अहवाल मागा. मुंबईत त्यात श्रेणी असते: सी-1 म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-3 म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. सोबत मागच्या दोन-तीन सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं वाचा. मोठ्या दुरुस्तीचा ठराव झालेला असेल आणि वर्गणी अजून निघायची असेल, तर ती नव्या सभासदाच्या नावे येते. ती कोण भरणार हे करारातच लिहून घ्या. नो ड्यूजच्या (थकबाकी नसल्याच्या) दाखल्यात ती दिसणार नाही. सिंकिंग फंडात (मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेला निधी) किती शिल्लक आहे तेही विचारा. सेक्रेटरी चाचपडू लागले तर उत्तर मिळालंच.

पाइप आणि वायरिंग

किचन आणि बाथरूमचे नळ एकाच वेळी सोडा. धार एकदम बारीक झाली तर भिंतीतले जुने जीआय (जस्त चढवलेले लोखंडी) पाइप आतून गंजून भरले असण्याची शक्यता मोठी. प्लंबरला दाखवा. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग आणि एसी-गीझरचा लोड तपासून घ्या.

“रीडेव्हलपमेंटला जाणारच आहे”

हे ब्रोकरचं लाडकं वाक्य. कन्व्हेयन्स (जमीन-इमारतीची मालकी सोसायटीच्या नावावर होणं) झालंय का, सभेचा ठराव आहे का, विकासकाशी करार झालाय का, हे कागदावर दाखवा म्हणावं. नुसतं बोलणं चालू असेल तर काम सुरू व्हायला कितीही वर्षं लागू शकतात, आणि तोवर कमिटी दुरुस्तीलाही हात लावत नाही. अशा वेळी आपल्या माणसाकडून वॉटरप्रूफिंग, पाइप आणि वायरिंगचं लेखी एस्टिमेट काढा आणि भाव ठरवतानाच तेवढी रक्कम वजा करायला सांगा.