लाईट आपले, सीलिंग दुसऱ्याचं

एका हॉस्पिटलच्या रेव्हिट मॉडेलमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या थ्रीडी इमारतीत, माझे दोनशे बारा लाईट फॉल्स सीलिंगच्या वरच्या पोकळीत, डक्टमध्ये घुसून बसले होते. आणि मी तीन आठवडे रोज तोच प्लॅन उघडून, सगळे जागेवर दिसतायत म्हणून निवांत चहा ठेवायला उठत होते. नोकरीचा चौथा महिना. जळगावात भाड्याची खोली, काम पुण्याच्या ऑफिसचं. मे महिना, बाहेर पारा पंचेचाळीसला, आणि फोनवर टीम लीड विचारतोय, "मॅडम, सेक्शन कधी कापून बघितला होता का?"

नव्हता बघितला. सेक्शन म्हणजे इमारतीचा उभा छेद, उंची दिसते ती तिथे.

इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा किंवा बीई करून रेव्हिटमध्ये एमईपीकडे (मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, प्लंबिंग) येणाऱ्यांसाठी हे लिहितेय. लेव्हल (मजल्याची पातळी), लिंक (दुसऱ्याची जोडलेली फाईल), फॅमिली (लाईटसारख्या वस्तूचा तयार साचा) हे तुम्हाला माहीत असेलच. सर्किट, पॅनेल शेड्यूल वगैरे कुठेही शिकायला मिळतं. सीलिंगवरचा लाईट मात्र कुणी धड शिकवत नाही, कारण क्लासमध्ये एकच फाईल असते आणि सीलिंगही आपणच काढलेलं असतं. नोकरीत सीलिंग आर्किटेक्टचं असतं, लिंकमधून आलेलं, आणि तिथे हात लावायची सोय नाही.

पहिला दणका इथेच बसतो. लायब्ररीतून छानसा दोन बाय दोनचा पॅनेल लाईट उचलायचा, सीलिंगवर न्यायचा, आणि कर्सरवर मनाईची खूण. क्लिक करून करून बोट दुखतं, लाईट काही बसत नाही. कारण ती फॅमिली सीलिंग-बेस्ड आहे. तिला स्वतःच्याच फाईलमधलं सीलिंग लागतं, लिंकमधलं ती ओळखत नाही. अमळनेरला माझे वडील वायरमन आहेत. मी त्यांना फोनवर हे रडगाणं सांगितलं तर ते म्हणाले, "माय, छतच नही ते दिवा कोठे टांगशी?" रेव्हिट न बघता त्यांना कळलं, मला दोन दिवस लागले.

लिंकमधल्या सीलिंगवर बसते ती फेस-बेस्ड, म्हणजे कुठल्याही पृष्ठभागाला चिकटणारी फॅमिली. तीही लावताना रिबनवर आधी 'प्लेस ऑन व्हर्टिकल फेस' निवडलेलं असतं, म्हणजे ती भिंत शोधत फिरते. तिथे 'प्लेस ऑन फेस' करा, आरसीपीमध्ये (रिफ्लेक्टेड सीलिंग प्लॅन, म्हणजे सीलिंगचा नकाशा) या, मग सीलिंगवर क्लिक करा. घाईत 'प्लेस ऑन वर्क प्लेन' दाबलंत तर लाईट लेव्हलवर, म्हणजे फरशीवर जाऊन पडतो. आणि सीलिंग-बेस्ड फॅमिलीची नंतर फेस-बेस्ड करू असं मनात असेल तर ते काढून टाका. टेम्प्लेट एकदा ठरला की ठरला. नवी फॅमिली करावी लागते.

इथे एक शॉर्टकट हमखास कुणीतरी कानात सांगतं: आपल्याच फाईलमध्ये आर्किटेक्टच्या सीलिंगवर दुसरं सीलिंग काढ आणि त्यावर लाव. करू नका. पहिल्या आठवड्यात भारी वाटतं. मग एकाच खोलीला दोन सीलिंग, दोन उंच्या, आणि खरी कोणती ते तुम्हालाही आठवत नाही. मला हा सल्ला देणारे दहा वर्षांच्या अनुभवाचे सर होते. अनुभव दहा वर्षांचा असला तरी प्रोजेक्ट शेवटपर्यंत नेलाय का, हे विचारायला मी आता लाजत नाही.

आता माझे दोनशे बारा. हे जरा सावकाश वाचा, कारण इथे सॉफ्टवेअर चुकलेलं नव्हतं.

मी सगळं बरोबर केलं होतं. फेस-बेस्ड लाईट, लिंकमधल्या सीलिंगवर, ग्रिडला अलाइन करून. सीलिंग २७०० मिलिमीटरवर होतं. मग डक्टवाल्यांना जागा हवी म्हणून ते २४०० वर आलं. आर्किटेक्टने तेच सीलिंग निवडून 'हाइट ऑफसेट फ्रॉम लेव्हल' बदललं असतं तर लिंक रीलोड झाल्यावर माझे लाईट मुकाट्याने खाली आले असते. पण त्यांच्याकडे कुणीतरी जुनं सीलिंग डिलीट करून नवं काढलं. बघणाऱ्याला दोन्ही सारखंच. रेव्हिटच्या दृष्टीने मात्र माझे लाईट ज्या फेसला धरून होते तो फेसच गेला. सीलिंग आपल्याच फाईलमधलं असतं आणि लाईट सीलिंग-बेस्ड असते तर सीलिंगबरोबर लाईटही गेले असते, आणि निदान ते दिसलं तरी असतं. फेस-बेस्ड लाईट जात नाहीत. ते हवेत, जिथल्या तिथे राहतात. प्रॉपर्टीजमध्ये होस्टच्या (लाईट ज्याला धरून असतो त्याच्या) पुढे 'नॉट असोसिएटेड' एवढंच येतं, आणि प्रॉपर्टीज मुद्दाम कोण वाचतं?

रीलोड करताना कोऑर्डिनेशन रिव्ह्यूची, म्हणजे लिंकमधला बदल तपासा अशी सूचना आली होती. मी ती बंद केली. त्या दिवशी माझ्यासमोर अशा सूचना ढिगाने येत होत्या.

आता तुम्ही म्हणाल, लाईट सीलिंगच्या वर गेले तर सीलिंगने ते झाकायला हवे होते, मग आरसीपीमध्ये दिसले कसे? हाच तो खड्डा. आमच्या व्ह्यूची डिसिप्लिन इलेक्ट्रिकल होती, आणि असायलाच हवी. या डिसिप्लिनमध्ये आर्किटेक्चर फिकट दिसतं आणि इलेक्ट्रिकलच्या वस्तू निवडायला सोप्या जाव्यात म्हणून सगळ्याच्या वर दाखवल्या जातात. नवं सीलिंग त्याच जागी, ग्रिड तोच सहाशे बाय सहाशे, माझे लाईट त्याच चौकोनांत. वरून खाली किंवा खालून वर बघणाऱ्या चित्राला उंची नसते. तीनशे मिलिमीटरचा फरक त्यात कुठेच उमटत नाही. मी ज्या चित्रावर विश्वास ठेवत होते ते चित्र खोटं बोलत नव्हतं, त्याला मी चुकीचा प्रश्न विचारत होते.

क्लॅशचा, म्हणजे कुणाची वस्तू कुणात घुसलीय त्याचा रिपोर्ट आला तेव्हा डक्टवाल्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि ते बरोबरच होतं.

दुरुस्ती अशी केली. 'कोलॅबोरेट' टॅबमध्ये 'रिकन्साइल होस्टिंग' आहे. तिथे ज्यांचा होस्ट हरवलाय त्यांची यादी मिळते. मग एकेक खोली घेऊन लाईट निवडायचा, 'पिक न्यू' दाबायचं, फेस पर्याय ठेवून नव्या सीलिंगवर क्लिक करायचं. दीड दिवस गेला. नोकरी गेली नाही. ओरडा बसला, पण फोनवर, आणि फोनवरचा ओरडा खोलीतल्या कूलरच्या आवाजात निम्मा विरतो. तुमचेही लाईट कधीतरी असेच हवेत राहतील. त्याने कुणाचं करिअर संपत नाही. लपवलंत तर मात्र साइटवर सापडतं, आणि तिथे पैसे जातात.

आता मी दोन गोष्टी करते. प्रत्येक मोठ्या भागातून एक सेक्शन कायमचा काढून ठेवते आणि लिंक रीलोड केली की आधी तोच उघडते, प्लॅन नंतर. आणि सीलिंगचं डिझाईन अजून पक्कं नसेल तर लाईट त्याला लावतच नाही. उंचीवर नाव दिलेला रेफरन्स प्लेन (नुसती काल्पनिक सपाट पातळी) काढते आणि 'वर्क प्लेन'वर तोच निवडून लाईट लावते. उंची बदलली की एक प्लेन हलवायचा. काही जणांना हे आवडत नाही, त्यांना होस्ट खराच हवा असतो. त्यांनी दीड दिवस पिक न्यू करून बघावं.

टॉयलेटचंही सांगून ठेवते. आरसीपीचा कट प्लेन, म्हणजे व्ह्यू जिथे कापला जातो ती उंची, साधारण २३०० ला असतो. पाइपांमुळे टॉयलेटचं सीलिंग २२५० वर आलं की ते कट प्लेनच्या खाली जातं, आणि आरसीपी कट प्लेनपासून वर बघते. म्हणजे सीलिंग दिसतच नाही. तुम्ही क्लिक करता, लाईट बसतो, आणि तो स्लॅबच्या तळाला चिकटलेला असतो. तिथे प्लॅन रीजन टाकून त्या भागाचा व्ह्यू रेंज खाली घ्या.

शेड्यूलमध्ये एखाद्या लाईटच्या पुढे स्पेस (तो कुठल्या खोलीत आहे ते) रिकामी येत असेल तर घाबरू नका. लाईटचा मूळ बिंदू सीलिंगच्या आत किंवा स्पेसच्या वरच्या मर्यादेबाहेर पडतोय. फॅमिली उघडून 'रूम कॅल्क्युलेशन पॉइंट' चालू करा आणि तो बिंदू खाली खोलीत ओढा, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

गुरू कसा असावा यावर माझं एक मत आहे, पटलं तर घ्या. जो तुमच्या हातातून माउस घेतो तो शिकवत नाही, स्वतःचा वेळ वाचवतो. माझ्या त्या टीम लीडने स्क्रीन शेअर करून पाऊण तास मला स्वतःला शोधू दिलं, एकदाही उत्तर सांगितलं नाही. तेव्हा मनात शिव्या दिल्या होत्या. आणि यूट्यूबचे 'दहा मिनिटांत लाईटिंग लेआउट' वाले व्हिडिओ बघा खुशाल, फक्त त्यात सीलिंग कुणाच्या फाईलमधलं आहे ते आधी शोधा.

हल्ली प्रोजेक्ट सुरू होतानाच मी आर्किटेक्टला मेल करते: सीलिंग डिलीट करू नका, उंची बदला. उत्तर नेहमी येतं, "नोटेड." गेल्या सोमवारी रीलोड केलं, सेक्शन उघडला. कॉरिडॉरमधले अकरा हवेत.