वापरलेला स्मार्ट ट्रेनर घ्यावा की नाही, हे कसे ठरवावे

स्मार्ट ट्रेनर म्हणजे सायकल बसवून घरातच चालवायचे, पायांचा जोर वॅटमध्ये मोजणारे आणि प्रतिरोध आपोआप बदलणारे यंत्र. मागचे चाक काढून ज्यावर सायकल थेट बसते, तो डायरेक्ट-ड्राइव्ह ट्रेनरच वापरलेला घ्यावा. टायरला रोलर टेकवणारा प्रकार मी कोणालाही सुचवत नाही, कारण टायरमधली हवा कमी-जास्त झाली की त्याचे वॅटचे आकडेही बदलतात.

बघायला जाताना स्वतःची सायकल, बूट आणि फोन न्यावा. ट्रेनरचा फ्रीहब, म्हणजे कॅसेट (मागच्या गिअरचक्रांचा संच) ज्यावर बसते तो भाग, कोणता आहे ते आधीच विचारावे. शिमानोच्या ११ स्पीड हबवर स्रॅमची एक्सडीआर कॅसेट बसत नाही.

खरी परीक्षा भाराखाली होते, आणि नेमकी तीच मी पहिल्या वेळी टाळली. विक्रेत्याने चहा दिला, मी हातानेच पेडल फिरवून पाहिले, फ्लायव्हील (ट्रेनरचे जड चाक) निमूटपणे फिरत राहिले आणि मी पैसे मोजले. घरी मात्र पंधराव्या मिनिटाला अशी घरघर सुरू झाली की खालच्या मजल्यावरच्या काकू ‘गिरणी घातलीत का?’ असे विचारायला वर आल्या. हाताने फिरवताना ट्रेनरच्या बेअरिंगवर आणि आतल्या पट्ट्यावर भारच येत नाही. म्हणून ‘बघा, किती शांत आहे’ असे म्हणत हाताने फिरवून दाखवणाऱ्या विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकाला मी शून्य किंमत देतो.

निदान वीस मिनिटे स्वतः पेडल मारावे. पहिली दहा मिनिटे हलकी ठेवावीत, म्हणजे यंत्र तापते. मग अर्ग मोडमध्ये (यात ठरवलेले वॅट ट्रेनर स्वतःच कायम राखतो) १५० वॅट लावून पेडलचा वेग मिनिटाला ९० फेऱ्यांवरून ७० वर आणावा. प्रतिरोध आपोआप वाढून आकडा काही सेकंदांत पुन्हा १५० च्या आसपास स्थिरावला पाहिजे. शेवटी जड गिअर टाकून, उभे राहून जोर लावावा. पायाखाली क्षणभर निसटल्यासारखे वाटले, तर गिअर नीट बसला आहे ना एवढे पाहावे; तो नीट असेल, तर पट्ट्यावर संशय घ्यावा. साखळीची एकसुरी गुणगुण चालते, पण वेगाबरोबर वाढत जाणारी खरखर चालत नाही. क्रँकवर (पेडलच्या दांड्यावर) जोर मोजणारा पॉवर मीटर असेल तर दोन्ही आकडे ताडून पाहावेत: साखळीतल्या घर्षणामुळे ट्रेनर थोडा कमी दाखवतो, हे ठीक, मात्र हा फरक दर पाच मिनिटांनी बदलत असेल, तर सौदा सोडावा. ‘सायकल लावायला वेळ नाही’ असे म्हणणाऱ्याचा ट्रेनर मी कितीही स्वस्त मिळाला तरी घेत नाही.

स्क्रूच्या डोक्यांवर घामाचा गंज आहे का, मूळ अडॅप्टर मिळतो का आणि फर्मवेअर (ट्रेनरमधले सॉफ्टवेअर) तिथल्या तिथे अद्ययावत होते का, एवढे पाहिले की पुरे. बिल मागून घ्यावे, पण वॉरंटी नाहीच असे समजून भाव करावा. विक्रेत्याने कधीकाळी मोजलेली रक्कम विसरून आजच्या नव्या ट्रेनरची किंमत धरावी, आणि तिच्या साठ टक्क्यांवर मी जात नाही; कॅसेट बरोबर नसेल तर तिचे पैसेही त्यातून वजा करतो. वाहू किकर कोअरसारखा ट्रेनर सुमारे १८ किलोचा असतो, तेव्हा लिफ्ट नसलेल्या इमारतीत जाताना सोबत कोणीतरी न्यावे.