दोरीवरच्या उड्या आणि प्रतिक्रिया काळ: एम.पी.एड.च्या लघुप्रबंधाचा अनुभव

एम.पी.एड.च्या (शारीरिक शिक्षणातल्या पदव्युत्तर पदवीच्या) लघुप्रबंधासाठी मी तायक्वांदो शिकणाऱ्या बारा ते चौदा वर्षांच्या मुलांना आठ आठवडे दोरीवरच्या उड्या मारायला लावल्या. त्यांचा प्रतिक्रिया काळ, म्हणजे इशारा मिळाल्यापासून हालचाल होईपर्यंतचा वेळ, कमी होतो का, हे बघायचं होतं. तुलनेसाठी उड्या न मारणारा एक नियंत्रित गटही होता. असा विषय घेणार असाल, तर मी कुठे चुकले ते आधी वाचा.

मोजायला महागडं यंत्र लागत नाही, ३० सेंटीमीटरची पट्टी पुरते. मुलाचा हात टेबलाच्या कडेवर टेकवायचा, अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये शून्याची खूण धरायची आणि न सांगता पट्टी सोडायची. १५ सेंटीमीटरवर पकडली तर सुमारे ०.१७५ सेकंद, २० वर पकडली तर ०.२०२. पाच सेंटीमीटर म्हणजे जेमतेम २७ सहस्रांश सेकंद, त्यामुळे घामेजलेली बोटंसुद्धा निकाल बिघडवतात.

पूर्वचाचणीआधी मी मुलांना पट्टीचा सराव दिलाच नाही. उत्तरचाचणीत बघते तर दोरीला हात न लावलेला नियंत्रित गटही सुधारलेला! पट्टी ओळखीची झाली होती, एवढंच. त्यातली दोन मुलं तर मित्रांचं बघून घरच्या अंगणात दोरी खेळत होती, हे मला सहाव्या आठवड्यात कळलं. म्हणून आधी सरावाच्या फेऱ्या द्या, आणि दोन्ही गटांतल्या मुलांना रोज काय खेळलात ते वहीत लिहायला सांगा.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. पट्टी हाताचा प्रतिक्रिया काळ मोजते आणि दोरी मेहनत घेते पायांवर. पायांसाठी नेल्सनची चाचणी आहे: भिंतीलगत सोडलेली पट्टी चवड्याने दाबून थांबवायची. ती सुरुवातीपासूनच ठेवा.

पण खरी मेख दोरीच्या तालात आहे. दोरी ठरावीक अंतराने येते. चार-पाच उड्यांत मूल ताल पकडतं आणि मग दोरीकडे बघतही नाही. लढतीत लाथ अशी ताल धरून येत नाही. दोरीमुळे टाचा उचललेल्या राहतात, भार चवड्यावर येतो, पोटऱ्या तयार होतात. पाऊल लवकर सुटायला हे हवंच. पण ‘आत्ता’ आणि ‘कुठला पाय’ हे ठरवायला दोरी शिकवत नाही. म्हणून शेवटचे तीन आठवडे मी समोर दोन रुमाल घेऊन उभी राहिले. लाल वर गेला की उजव्या पायावर उडी, निळा गेला की डाव्या पायावर. शिट्टी वाजली की दोरी टाकून पॅडवर किक. शिट्टी कधी वाजेल, हे मी आधी कधीच ठरवलं नाही. पहिल्या दिवशी दोऱ्या पायात अडकून हॉलभर नुसता गोंधळ. आज पुन्हा सुरुवात केली, तर हे पहिल्याच आठवड्यात घेईन.

दोरी मधोमध पायाखाली धरल्यावर मुठी काखेपर्यंत याव्यात. उडी दोन-तीन सेंटीमीटरचीच, मॅटवर किंवा लाकडी जमिनीवर. सिमेंटवर नको. या वयात टाचेचं हाड अजून वाढत असतं. चौथ्या आठवड्यात एक मुलगी टाच टेकवेना. तिच्या आईला बोलावून उड्या त्याच दिवशी थांबवल्या. एक नोंद कमी झाली म्हणून मी घाबरले होते. मार्गदर्शक सर म्हणाले, “वगळलं त्याचं कारण लिही, पुरे.”