पतसंस्थेतली रिस्क शोधायची कशी आणि मोजायची कशी

बऱ्याच पतसंस्थांकडे जोखमीचं धोरण असतं, पण ते कुठून तरी घेतलेलं, फक्त संस्थेचं नाव बदललेलं, आणि त्यात आपला पिग्मी एजंट (फिरून रोजची छोटी ठेव गोळा करणारा) कुठेच नसतो, आपल्या गावाचा पूर नसतो, सगळे पासवर्ड एकट्याला माहीत असलेला आपला मॅनेजर नसतो. म्हणून हे लिहितोय, नव्याने संचालक झालेल्यांसाठी आणि शाखा सांभाळणाऱ्यांसाठी. एक गोष्ट आधीच लक्षात घ्या, डीआयसीजीसीचं (ठेवींचा विमा उतरवणारी रिझर्व्ह बँकेची कंपनी) ५ लाखांपर्यंतचं विमा संरक्षण बँकेतल्या ठेवींना आहे, पतसंस्थेतल्या ठेवींना नाही. भाजीवाल्या मावशींनी रोजचे शंभर-दोनशे टाकून जमवलेले पैसे आपल्या भरवशावर आहेत.

सुरुवात बोर्ड मीटिंगमधे "सांगा, काय काय धोके आहेत" असं विचारून करू नका, सगळे थकबाकी म्हणतील आणि विषय संपेल. त्याऐवजी पैशाच्या मागे मागे चाला. सभासदाच्या हातातून पैसा निघाला की तो कुठे कुठे जातो, कोण मोजतं, कोण लिहितं, कुठे रात्रभर पडून राहतो, कर्ज म्हणून बाहेर कसा जातो आणि परत कसा येतो, हे एका कागदावर काढा आणि प्रत्येक टप्प्यावर विचारा की आत्ता पैसा कोणाच्या ताब्यात आहे, इथे गडबड झाली तर आपल्याला कशावरून कळेल, आणि कळायला किती दिवस लागतील. माझ्या मते सगळा जीव या तिसऱ्या प्रश्नात आहे, कारण नुकसान किती मोठं होणार हे बहुतेक वेळा चोरी करणाऱ्याच्या हुशारीपेक्षा आपल्याला कळायला किती उशीर होतो यावर ठरतं.

पिग्मीचंच घ्या. समजा एक एजंट दिवसाला ४० हजार गोळा करतो आणि महिन्याचे २६ दिवस फिरतो, म्हणजे महिन्याला १० लाख ४० हजार त्याच्या हातून जातात. त्याने रोजच्या भरण्यातले थोडे थोडे मागे ठेवले तर सभासदाच्या कार्डावर रक्कम बरोबर दिसेल आणि आपल्या लेजरला कमी, आणि दोन्ही समोरासमोर येईपर्यंत कोणालाच काही कळणार नाही. ताळा वर्षातून एकदाच, तोही एजंटनेच गोळा करून आणलेल्या कार्डांवरून होत असेल तर ही तुमची मोठी रिस्क आहे, एजंट कितीही चांगला असो. दुसऱ्याच कर्मचाऱ्याने दर महिन्याला काही खातेदारांकडे स्वतः जाऊन कार्ड बघितलं आणि प्रत्येक भरण्याचा एसएमएस खातेदाराला गेला तर तीच रिस्क लगेच लहान होते. आणि तो मोबाईल नंबर खातेदाराचाच आहे ना हेही बघा, एजंटने स्वतःचा टाकला असेल तर एसएमएसचा काही उपयोग नाही.

सोनेतारणात असंच चाला. दागिना कोणी तपासला, सराफ एकच आहे का, तो कर्जदाराच्या ओळखीचा आहे का, पाकीट सील करताना दुसरी सही कोणाची, तिजोरीच्या दोन्ही किल्ल्या खरंच दोन माणसांकडे असतात का एक रजेवर गेला की दोन्ही एकाकडेच येतात? अधूनमधून न सांगता काही पाकिटं उघडून दुसऱ्या सराफाकडून तपासून घ्या. भावाचंही आहेच, एप्रिल २०१३ मधे सोनं काही दिवसांत जोरात उतरलं होतं. उद्या भाव १५ टक्के पडला तर किती कर्जं तारणाच्या किमतीच्या वर जातील हे आजच एक्सेलमधे काढून बघता येतं.

कर्जांच्या बाबतीत एकेक थकबाकीदार बघण्याआधी गठ्ठे बघा. एकाच कुटुंबात किती, एकाच धंद्यात किती, एकाच जामीनदारावर किती कर्जं उभी आहेत. मुंबईच्या पीएमसी या सहकारी बँकेचं उदाहरण सगळ्यांना माहितीये, ७० टक्क्यांहून जास्त कर्ज एकाच एचडीआयएल या बांधकाम समूहाकडे आणि ते लपवायला हजारो खोटी खाती, आणि सप्टेंबर २०१९ मधे रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला फक्त १ हजार रुपये काढायला परवानगी. पण त्यातली पतसंस्थांच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. २०२२ मधे ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली तेव्हा संस्थांच्या विम्याबाहेरच्या ठेवींपैकी ८० टक्के रक्कम प्रेफरन्स शेअरमधे बदलली गेली, ठेव म्हणून ती परत मागायची सोय राहिली नाही. म्हणजे तुम्ही तुमची गुंतवणूक कुठल्या बँकेत ठेवलीये हीसुद्धा तुमचीच रिस्क आहे. सगळी एकाच बँकेत असेल तर ते रिस्कच्या रजिस्टरमधे पहिल्या पानावर पाहिजे.

मग अफवा. ठेवी २० कोटी असतील आणि अफवेमुळे एका आठवड्यात त्यातल्या १० टक्के ठेवी लोकांनी परत मागितल्या तर २ कोटी लागतील, ते कुठून आणणार, कुठली एफडी किती दिवसात मोडते, सही करणारे दोघं गावात असतात का, हे आत्ता लिहून ठेवा.

कॉम्प्युटरचं बहुतेकजण सॉफ्टवेअरवाल्यावर सोडून देतात. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ११ ते १३ ऑगस्ट २०१८ मधे साधारण ९४ कोटी गेले, त्यातला मोठा भाग २८ देशांतल्या एटीएममधून. ११ तारीख दुसरा शनिवार होता, बँकेला सुट्टी. मग स्वतःला विचारा की शनिवारी संध्याकाळी आपल्याकडे काही झालं तर सोमवारी सकाळपर्यंत कोणाला कळेल का. एन्ट्री टाकणारा आणि पास करणारा एकच लॉगिन वापरतो का, बॅकअप त्याच खोलीत आहे का? २०१९ चा कोल्हापूर-सांगलीचा आणि २०२१ चा चिपळूणचा पूर ज्यांनी पाहिलाय त्यांना तळमजल्यावरचं दप्तर म्हणजे काय ते सांगायला नको.

बाहेरून येणारे धोके पण लिहा. नोव्हेंबर २०१६ मधे नोटबंदीनंतर आठवड्याच्या आत जिल्हा बँकांना जुन्या नोटा घ्यायला बंदी झाली. असं परत नेमकं तसंच होईल असं नाही, पण नियम एका रात्रीत बदलला तर आपलं काय अडतं हा प्रश्न कायमचा आहे.

आणि हे सगळं करताना क्लार्क, शिपाई, वसुलीवाले यांच्याशी एकेकट्याने बोला, मॅनेजर समोर नको. "कुठे अडचण येऊ शकते असं तुम्हाला वाटतं" एवढंच विचारा आणि ऐका. आणि गेल्या ५ वर्षांचे ऑडिटचे दोष काढा, जो दोष दरवर्षी परत येतो ती रिस्क नाही, तो चालू असलेला प्रॉब्लेम आहे आणि त्यावर आधी काम पाहिजे.

लिहिताना 'थकबाकी वाढणे' असं लिहून काही होत नाही. कशामुळे, काय होईल, मग संस्थेचं काय, अशा पूर्ण वाक्यात लिहा. "द्राक्ष बागायतदारांकडे निम्मं कर्ज आहे, एका अवकाळीत हप्ते थांबतील, मग दिवाळीच्या ठेवी परत द्यायला रोकड कमी पडेल." आता यावर चर्चा होऊ शकते.

मोजायला १ ते ५ चे दोन आकडे पुरतात, शक्यता आणि फटका, फक्त आकड्याचा अर्थ आधी ठरवा, नाहीतर प्रत्येकजण मनाने देतो. उदाहरणार्थ शक्यता ५ म्हणजे वर्षातून एकदा तरी घडतंच, १ म्हणजे आपल्या तालुक्यात कधी ऐकलं नाही. फटका १ म्हणजे महिन्याच्या नफ्यात भरून निघेल, ५ म्हणजे ठेवी परत देता येणार नाहीत. गुणाकार करून क्रम लावा पण त्यावर आंधळा विश्वास नको, कारण ५ गुणिले १ आणि १ गुणिले ५ दोन्ही ५ च येतात, पण एकात किरकोळ कॅश शॉर्ट होते आणि दुसऱ्यात संस्था बंद पडते. फटका ५ असलेल्या सगळ्या रिस्क वेगळ्या काढा, शक्यता काही असो. शेजारी तिसरा रकाना ठेवा, कळायला किती दिवस.

मार्क देताना 'आमच्याकडे तपासणी होते' हे धरून आकडा कमी करू नका, आधी गेल्या ३ महिन्यांच्या तपासणीच्या सह्या मागा. सह्या असतील तर एखादी तपासणी स्वतः परत करून बघा. पुरावा नसेल तर ती तपासणी नाही असंच धरायचं.

शेवटी प्रत्येक ओळीसमोर एका माणसाचं नाव, 'बोर्ड' किंवा 'व्यवस्थापन' नको, एक तारीख, आणि एक खूण, म्हणजे काय दिसलं की लगेच चेअरमनला फोन करायचा. एजंट दोन दिवस भरणा करत नाही, एका आठवड्यात नेहमीपेक्षा जास्त ठेवी मुदतीआधी मोडल्या जातात, कर्मचारी वर्षभर रजाच घेत नाही, अशा. दहा-पंधरा ओळींचं रजिस्टर पुरे आहे. ते दर तिमाहीला मीटिंगच्या सुरुवातीलाच घ्या, शेवटी ठेवलं की वेळ उरत नाही, आणि नवी शाखा, नवं सॉफ्टवेअर, नवी कर्ज योजना असं काही आलं तर तिमाहीची वाट न बघता पैशाच्या वाटेचा तो कागद परत काढून नव्याने चालायला लागा.