‘कव्हर चालू झालं ना?’ : ब्रोकरच्या ऑफिसात नव्याने येणाऱ्यांसाठी

विमा ब्रोकरकडे नोकरीला लागलात की पहिल्या आठवड्यातच ‘कव्हर, म्हणजे विम्याचं संरक्षण, चालू झालं ना?’ हा प्रश्न कानावर पडेल. मी चिपळूणच्या शाखेत लागले तेव्हा कोटेशन पाठवलं, गिऱ्हाईक ‘हो’ म्हणालं, की झालं काम, असंच समजायचे.

जुलै २०२१ मधली गोष्ट. मंगळवारी बाजारपेठेतल्या एका कापडवाल्या काकांना दुकानाच्या विम्याचं कोटेशन दिलं, पुरासकट. ते फोनवर म्हणाले, “करून टाक गो, पैसे दोन दिवसांत सोडतो.” मी डायरीत लिहिलं, ‘काका – फायनल’. २२ तारखेला, गुरुवारी, वाशिष्ठी नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. पाणी ओसरल्यावर मी दुकानाशी गेले, तर काका चिखलाने दगडासारखे जड झालेले साड्यांचे गठ्ठे ओढून रस्त्यावर टाकत होते. मला बघून त्यांनी लुंगीला हात पुसले आणि विचारलं, “आपलं झालंय ना?”

झालं नव्हतं. कंपनीपर्यंत ना त्यांचा होकार पोचला होता, ना पैसे. होकार माझ्या डायरीतच राहिला, ही चूक माझी.

ब्रोकर हा गिऱ्हाइकाचा माणूस, कंपनीचा नव्हे. एजंट कंपनीच्या वतीने फिरतो. आपण विमेदाराच्या वतीने बोलतो. म्हणून आपल्याला सांगितलेली गोष्ट आपण पुढे कळवेपर्यंत कंपनीला सांगितली असं धरलं जात नाही. समजा, दुकानात आधी पाणी शिरलं होतं हे काकांनी मला सांगितलं आणि मी प्रपोजल फॉर्मवर, म्हणजे विम्याच्या अर्जावर, लिहिलं नाही, तर कंपनीच्या लेखी ते लपवलंच. शिवाय १९३८ च्या विमा कायद्याचं कलम ६४ व्हीबी आहे: प्रीमियम आधी मिळाल्याशिवाय, किंवा कायद्याला चालेल अशी हमी वा ठेव असल्याशिवाय, कंपनीने जोखीम घ्यायची नाही.

नुसते पैसेही पुरत नाहीत. आयुर्विम्याच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये सांगितलं की प्रीमियम घेऊन ठेवला म्हणजे प्रस्ताव स्वीकारला असं होत नाही. स्वीकृती कळवावी लागते.

पॉलिसीचा कागद मात्र मागाहून आला तरी चालतो. त्याच पुरात एका औषध दुकानाच्या पॉलिसीला नंबरही पडला नव्हता. पण बुधवारी दुपारी कंपनीचा ‘स्वीकारलं’ असा मेल आला होता आणि एनईएफटी त्याच दिवशी जमा झाली होती. मेलची प्रिंट आणि यूटीआर, म्हणजे बँकेच्या व्यवहाराचा नंबर, एवढ्यावर दावा मान्य झाला. सागरी विम्यात तर १९६३ च्या कायद्यातच लिहिलंय की विमाकंपनीने प्रस्ताव स्वीकारला की करार झाला, पॉलिसी निघो न निघो.

नवी मुलं अजून एका जागी हमखास अडकतात. कंपनी ‘मान्य’ म्हणते आणि खाली बारीक ओळ टाकते, की पुराच्या दाव्यात वजावट, म्हणजे नुकसानातला गिऱ्हाइकाने स्वतः सोसायचा भाग, जास्त राहील. हा स्वीकार नव्हे, नवा प्रस्ताव झाला. करार कायद्यानुसार स्वीकार बिनशर्त लागतो. ती ओळ गिऱ्हाइकाला वाचून दाखवा, त्याचा होकार लेखी घ्या, तो कंपनीला पाठवा.

ब्रोकरच्या परीक्षेच्या अभ्यासात ही कलमं येतातच. ती पाठ करताना एखाद्या दुकानाचं शटर डोळ्यांपुढे ठेवा.

काका पुढच्या जूनमध्ये स्वतः ऑफिसात आले. पैसे त्यांनी समोर बसूनच कंपनीच्या खात्यात सोडले, आणि कंपनीचा मेल येईपर्यंत दीड तास बाकड्यावरून उठले नाहीत. मीही जेवायला गेले नाही.