समुद्राकाठच्या रोड ट्रिपला दिशा आधी ठरवा

आपण नागपूरकर, समुद्र पाहाले आधीच इतकं लांब जातो आणि तिथं गेल्यावर पाणी रस्त्याच्या पलीकडे, मधात समोरून येणाऱ्या गाड्या, फोटोले थांबायचं तर आख्खा ट्रॅफिक कापून जा. यावर उपाय सोपा आहे, बुकिंगच्या आधी मॅप उघडून पाहा.

1. गाडी डावीकडून चालते त्या देशात समुद्र डाव्या हाताला येईल असं निघा. ऑस्ट्रेलियाचा ग्रेट ओशन रोड (सुमारे 240 किमी) टॉर्कीहून पश्चिमेकडे करा.
2. उजवीकडून चालते तिथं उलट. कॅलिफोर्नियाचा हायवे वन सॅन फ्रान्सिस्कोहून खाली लॉस एंजेलिसकडे, इटलीचा अमाल्फी किनारा सोरेंटोहून सालेर्नोकडे, आइसलंडचा रिंग रोड घड्याळाच्या उलट दिशेनं.
3. कोकणात करायचं तर आधी सरळ वेंगुर्ल्याले उतरा आणि मग किनाऱ्यानं वर अलिबागकडे या.

मजा बाजूच्या सीटवाल्याची जास्त, ड्रायव्हरले फक्त थांबल्यावर भेटते, तर आळीपाळीनं चालवा.

फक्त एक, कोकणातून वर येताना संध्याकाळचं ऊन डावीकडून थेट डोळ्यात येते, गॉगल जवळ ठेवा.