हिरडीतून रक्त आलं तर ब्रश थांबवू नका

हिवाळ्यात मळ्यात भरीत पार्टी झाली की जेवण उरकताच निम्मी पंगत काडी शोधायला लागते. कोणी तुरीच्या काडीचं टोक मोडतं, कोणी काडेपेटी मागतं, कोणाच्या बांगडीतून सेफ्टी पिन निघते. दाढेत वांग्याचं बी किंवा तळलेल्या शेंगदाण्याची फोड अडकलेली असते. मग कोणीतरी सांगतं, "माझ्या तर हिरडीतून रक्त येतं, म्हणून मी त्या बाजूला ब्रशच लावत नाही." त्यावर सल्ले ठरलेले. मीठ-तेल चोळ, तुरटीच्या गुळण्या कर, बाभळीचं दातून घे. ऐकून ऐकून कान किटले, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. मी दंतवैद्य नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत २२ वर्षं पोरांकडून दात घासून घेतोय, आणि स्वतःच्या हिरड्यांची वाटही मीच लावून घेतली होती.

सामान

ब्रश मऊच घ्या, 'सॉफ्ट' लिहिलेला. पेस्ट कुठल्याही कंपनीची चालेल, फक्त त्यात फ्लोराइड हवं. ट्यूबवर ते किती पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग) आहे हे छापलेलं असतं. आपल्याकडे कमाल मर्यादा १००० आहे, त्याच्या जवळपासचा आकडा बघून घ्या. लवंग, मीठ, कडुनिंब यांची चित्रं बघून पेस्ट निवडू नका. ब्रश तीन महिन्यांनी बदला. महिन्याभरातच केस फाकत असतील तर दोष ब्रशचा नाही, तुमच्या हाताचा आहे.

वेळ

दोनदा, दोन-दोन मिनिटं. आपल्याकडे सकाळी ओट्यावर बसून अर्धा तास दात घासतील आणि रात्री शेवभाजी खाऊन तसेच आडवे होतील. झोपेत लाळ कमी होते, तोंड कोरडं पडतं, आणि कीड लागायला तेवढं पुरतं. एखाद्या दिवशी एकदाच जमणार असेल तर रात्रीचं चुकवू नका.

हिरडीची रेघ

सगळं इथं अडतं. माझंही इथंच अडलं होतं.

पस्तिशीपर्यंत मी करपलेलं पातेलं घासावं तसे दात घासायचो. ब्रश कडक, मूठ आवळलेली, आडवं खसाखसा. दात चकचकीत होते, त्याचा अभिमानही होता. मग एका उन्हाळ्यात माठातलं पाणी प्यायलो आणि डावीकडच्या खालच्या दाढांत अशी कळ गेली की तांब्या खाली ठेवला. दात हिरडीला मिळतो तिथं खाचा पडल्या होत्या, नख अडकत होतं. दुसरीकडे खालच्या पुढच्या दातांना आतून ब्रश लागला की थुंकी लाल. आजी म्हणाली, "दातले हात लाऊ नको." मी चार महिने तिथं हात लावला नाही. रक्त थांबलं नाही. उलट तोंडाला वास यायला लागला.

शेवटी डॉक्टरकडे गेलो. त्यांनी रंगाची एक गोळी चघळायला दिली, चूळ भरायला लावली आणि आरसा हातात दिला. दातांचा दर्शनी भाग पांढरा, पण प्रत्येक दाताच्या मुळाशी, हिरडीला लागून, कुंकवाने ओढावी तशी रेघ. जिथं घासायची गरज नव्हती तिथं मी दात झिजवले होते, आणि जिथं होती तिथं ब्रश कधी पोचलाच नव्हता.

ती रेघ म्हणजे जंतूंचा चिकट थर. तो हिरडीच्या काठावर बसून राहिला की हिरडी सुजते, आणि सुजलेली हिरडी नुसत्या स्पर्शानेही रक्त देते. म्हणजे रक्त येतं ते बहुधा घासल्यामुळे नाही, न घासल्यामुळे. १९६५ मध्ये हाराल्ड लोए या दंतशास्त्रज्ञाने डेन्मार्कमध्ये निरोगी हिरड्यांच्या माणसांना मुद्दाम दात घासणं बंद करायला लावलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर साधारण आठवड्याभरात पूर्ववत झाल्या. मिठाने, तुरटीने तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण थर जागेवरच राहतो. तो राहिला की लाळेतले क्षार त्यात बसून कीटण होतं, आणि कीटण घरच्या कुठल्याच उपायाने निघत नाही.

आता हाताचं. ब्रश मुठीत धरू नका, पेन धरतो तसा बोटांत धरा. वर्गात पोरं मूठ आवळतात तेव्हा मी विचारतो, बैलाला खरारा करतोस का रे? केसांची टोकं हिरडीकडे तिरकी करा, खालच्या दातांना खाली आणि वरच्यांना वर, साधारण ४५ अंशांत, म्हणजे अर्धे केस दातावर आणि अर्धे हिरडीच्या काठावर. ब्रश जागेवरून सरकवायचा नाही. तिथल्या तिथे हलकेच थरथरवायचा, दहा आकडे मोजायचे, मग दाताच्या टोकाकडे वळवून झटकायचा. नंतर पुढचे दोन दात. पहिल्या दिवशी हे फार संथ वाटतं, मलाही वाटलं होतं. आठ दिवसांत हात बसतो.

सुरुवात आतून करा, खालच्या दातांपासून. सगळे समोरून सुरू करतात आणि आत पोचेपर्यंत कंटाळतात, आणि कीटण तर सगळ्यात जास्त खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूलाच सापडतं. तिथं ब्रश उभा धरा. शेवटच्या दाढेसाठी तोंड आ वासू नका, अर्धं मिटा. गाल सैल पडतो आणि ब्रश मागे जातो.

पहिले तीन-चार दिवस बेसिन गुलाबी होईल. घाबरायचं नाही, हात हलका ठेवायचा आणि नेमकं तिथंच घासायचं. दोन आठवड्यांत रक्त कमी झालं नाही तर कीटण धरलेलं असणार, ते डॉक्टरकडून काढून घ्या आणि सोबत साखरही तपासा, कारण मधुमेहात हिरड्या लवकर बिघडतात. मात्र रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, ब्रश न लावताही रक्त येत असेल किंवा अंगावर विनाकारण काळे-निळे डाग उठत असतील, तर दोन आठवडे थांबू नका.

घासून झाल्यावर पेस्ट थुंका आणि तांब्याभर पाण्याने चुळा भरू नका. फ्लोराइड दातावर राहिलं तरच त्याचा उपयोग.

फटी

दोन दातांच्या मध्ये ब्रश जात नाही. दात घट्ट असतील तर फ्लॉसचा दोरा, फटी पडल्या असतील तर बाटली धुण्याच्या ब्रशसारखा दिसणारा छोटा ब्रश. दोरा करवतीसारखा ओढू नका, हिरडी कापते. दाताला अर्धी मिठी मारल्यासारखा वळवा आणि खालीवर करा. दिवसातून एकदा, रात्री. सेफ्टी पिन बांगडीलाच राहू द्या.

मिश्री, कोळसा, दातून

मिश्री म्हणजे तव्यावर भाजलेली तंबाखू, तिला दंतमंजन म्हणू नका. दुखणं थांबल्यासारखं वाटतं ते निकोटिनमुळे. टूथपेस्टमध्ये आणि दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे, पण घरच्या तव्यावर बंदी कोण घालणार? आमच्या काकू सांगायच्या, "चाळीस वर्षं मिश्री लावते, कधी रक्त नाही आलं." तंबाखूने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून आजार असूनही रक्त दिसत नाही. काकूंचे दात रक्ताचा थेंब न सांडता एकेक करून हलले. मिश्री किंवा खैनी लावणाऱ्याच्या तोंडात पांढरा-लाल चट्टा किंवा जखम दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहिली, किंवा तोंड पूर्वीइतकं उघडेनासं झालं, तर लगेच दाखवा. तिथं कॅन्सरची शंका असते.

कोळसा आणि राख दात झिजवतात. दातून चावून मऊ कुंचला केला तर वाईट नाही, पण ते दातांच्या आतल्या बाजूला नीट वळत नाही.

खाणं

किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे बघा. बांधावर दर तासाला एक कप गोड चहा पिण्यापेक्षा पुरणाचे मांडे एका बैठकीत खाल्लेले परवडले. बिबडी, पापड, केळाचे वेफर्स यांचा लगदा दाढेच्या खाचांत बसतो, वरून पाणी प्या. कैरी किंवा मेहरूणची आंबट बोरं खाल्ल्यावर अर्धा तास ब्रश नको.

पोरं

पहिला दात आला की ब्रश. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, सहापर्यंत वाटाण्याएवढी. सात-आठ वर्षांपर्यंत त्यांच्यानंतर तुम्ही एकदा हात फिरवा, कारण त्यांना जमतंय असं फक्त त्यांना वाटतं.

कीटण काढणं

'मशीन लावलं की दात ढिल्ले होतात' हे वाक्य खेडोपाडी इतकं पक्कं बसलंय की माणसं दात पडेपर्यंत जात नाहीत. दात ढिला झालेला असतो तो कीटणाखाली हिरडी आणि हाड मागे सरकल्यामुळे. कीटण निघालं की तो ढिलेपणा उघडा पडतो, एवढंच. जिल्हा रुग्णालयात केसपेपर काढून दंतविभागात दाखवता येतं. कीटण काढल्यावर काही दिवस जीभ सारखी फटीत जाते आणि गार पाणी लागतं. मलाही आठवडाभर लागलं, मग गेलं. खुर्चीतून उठण्याआधी डॉक्टरांना आपल्या फटीत कुठल्या मापाचा छोटा ब्रश बसतो ते विचारा आणि त्यांच्यासमोर एकदा घालून बघा.